रिबिटाची जागा

आमच्या घरात काहीही बोललेलं चालतं. भांडण चालतं, टोमणे चालतात, शेजारच्या बेबीबाईची नक्कल तर रोज चालते. फक्त 'भोक' हा शब्द चालत नाही. बांगडी फुटली तरी आपण ती वाढवली म्हणतो, तसं कापडाला भोक पडलं असं म्हणायचं नाही, 'उणं आलं' म्हणायचं, असा सासऱ्यांच्या वेळेपासूनचा दंडक. त्याची सवय इतकी की एकदा कढईला भोक पडलं तेव्हा मी भांड्यांच्या दुकानात जाऊन "कढईले उणं आलं जी" म्हणाले. दुकानदार कढईकडे न बघता बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिला.

हा दंडक पाळणारे आमचे हे, म्हणजे मोतीलाल. तोंडावर नाव घेत नाही, पण इथे घेते. वाचायला ते येणार नाहीत, त्यांचा चष्मा मागाच्या खोलीतून बाहेर निघत नाही. पवनीत आमचा खड्डामाग आहे, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. त्यावर ते कोसा, म्हणजे रानरेशीम, विणतात. काठाला करवतीसारखे दात असलेली साडी विणायची तर आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे, आणि दर फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. ते सगळं त्यांच्या बोटांत आहे. कात्रीला मात्र मागाच्या खोलीत बंदी. थान उतरवताना तेवढी ती आत येते, तीही कपाळाला लावून. शिंप्याच्या दुकानावरून जाताना हे मान वळवतात, माळकरी माणूस खाटकाच्या दुकानावरून जातो तसे. एकदा उंदरानं माझा पदर कुरतडला, तर दिवसभर जेवले नाहीत.

"खाल्लं उंदरानं, अन् उपास तुमी कायले करता?" मी विचारलं.

"तुले नाई समजत, कुसुम. एक धागा तुटला का त्याच्या शेजारचा ढिला होते. मंग त्याच्या शेजारचा. असं करत करत सारं थान जाते."

अशा या घरात आमच्या धर्मेंद्रनं बायको आणली ती जाळं विणणाऱ्याच्या घरची. धर्मेंद्र चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज वाहणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, अधूनमधून घरी येतो. मंजुषा तेव्हा पवनीच्या बाजारात मासोळी घेऊन बसायची. ज्या घरात महिन्यातून एखाद्या वेळी मासोळी यायची, तिथे धर्मेंद्र सुटीवर आला की ती रोज यायला लागली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, बाहेरचं खाऊन पोराच्या जिभेला चव राहिली नसेल, खाऊ दे बिचाऱ्याला.

मंजुषा आसगावची. तिचे वडील तुलाराम तिथल्या बोडीत, म्हणजे गावच्या लहान तलावात, मासे धरतात. सोयरिकीचं बोलायला आम्ही गेलो तेव्हा तुलारामजींनी मोठ्या कौतुकानं स्वतः विणलेलं नवं जाळं आमच्या पुढ्यात पसरलं. एका विणणाऱ्यानं दुसऱ्या विणणाऱ्याला आपलं काम दाखवावं, तेवढाच त्यांचा हेतू. यांनी जाळं हातात घेतलं, गाठी पाहिल्या, ओढून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "गाठी चांगल्या हायत. पन बाकी सारं उणंच उणं हाय."

तुलारामजींना काही उमगेना. मी त्यांना आमच्या घरचा दंडक समजावून सांगितला. तेव्हा ते मांडीवर थाप मारून हसले. "अजी, भोकं नसली तं पानी कुठून जाईन? मासोळीसंग सारी बोडीच घरी आना लागन!"

माझ्या तोंडातलं पाणी नाकातून बाहेर आलं. हे मात्र हसले नाहीत. जाळ्याची नीट घडी केली आणि परत दिली.

लग्न झालं, मंजुषा घरात रुळली. माझं आणि तिचं पहिल्या आठवड्यातच कडाक्याचं भांडण झालं आणि त्यानंतर आमचं छान जमलं. सासऱ्याशी तिचं भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. "भात घेता का मामाजी?" "थोडा." एवढाच संसार. दोघंही मनानं चांगली, हे मला दिसत होतं, म्हणून तर मला दोघांचाही राग यायचा. वाईट माणसं अबोल राहिली तर घरात शांतता असते. चांगली माणसं अबोल राहिली की घर नुसतं घुसमटतं.

यंदा पोळा झाला आणि यांनी जेवताना जाहीर केलं की मागावरची साडी शेवटची. दिवाळी झाली की अंकुश सुताराला बोलवायचं, माग उकलायचा आणि खड्डा बुजवायचा. साड्या घेणारा व्यापारी आता घेत नव्हता, लोकांना कारखान्याची साडी पुरते. "कोनासाठी विनू?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही म्हणून मी भांडले. उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. या घरात आले त्या दिवसापासून मागाच्या खटक्यावर मी स्वयंपाक केला आहे, मूल निजवलं आहे, रडलेसुद्धा आहे. तो आवाज बंद झाला तर ह्या माणसाचं काय होईल, आणि त्या मुक्या घरात माझं काय होईल, हे मला सुचत नव्हतं. माग राहायला हवा, एवढंच मला त्या दिवसापासून कळत होतं.

मंजुषा तेव्हा ताटं उचलून आत गेली. पण दोन-चार दिवसांनी भंडाऱ्याला जाऊन आली. लग्नाआधी ती तिथे पिशव्या शिवायला शिकली होती. भंडाऱ्यात करुणा मॅडमचं हातमागाच्या वस्तूंचं दुकान आहे, तिथे ती थेट जाऊन बसली. चामड्याचे बंद लावलेली कोशाची पिशवी त्यांना हवी होती. पिशवी पक्की निघाली, तर मामाजी विणतील तेवढा कोसा आपण घेऊ, साडीच पाहिजे असं नाही, असं त्या म्हणाल्या.

"मंग शिव ना लवकर," मी म्हटलं.

"नुसतं शिवून नाई चालत, आई. चामड्याचा बंद कोशावर शिवला का टाक्यांच्या ओळीनं फाटते. रिबिट मारा लागते."

रिबिट म्हणजे पितळेचा बुटका खिळा आणि त्याची टोपी. ते बसवायची हत्यारं तिनं मागवली. डबा आला तेव्हा आम्ही दोघींनी तो स्वयंपाकघरातच उघडला. आत लोखंडाच्या तीन वस्तू. एक पोकळ नळी, तिची कड धारदार. एक जाड चकती, तिच्यात उथळ वाटी कोरलेली. आणि एक बोटाएवढी दांडी, तिचं टोक खोलगट. खिळा चामड्यातून आणि कापडातून वर काढायचा, त्यावर टोपी बसवायची, खिळ्याचं डोकं वाटीत ठेवायचं, दांडी टोपीवर उभी धरायची आणि हातोडीचा एक घाव. घाव सरळ बसला की खिळ्याचं टोक टोपीच्या आत पसरतं आणि मग ती दोघं जन्माची सोबती. वाकडा बसला की खिळा मान टाकतो.

मला ते इतकं आवडलं की मी दोन रिबिटं दारातल्या पायपोसाला नुसतीच मारली. ती अजून आहेत, पायपोस फाटला तरी ती निघायची नाहीत.

"पन आई," मंजुषानं ती धारदार नळी उचलली आणि आवाज खाली आणला, "याच्यानं पयले भोक पाडा लागते."

आम्ही दोघींनी मागाच्या खोलीकडे पाहिलं. आत खटका चालू होता.

कोसा कुठून आणायचा हा दुसरा प्रश्न. मागावर होती ती साडी. मग मी माझी पेटी उघडली. धर्मेंद्र झाला तेव्हा यांनी माझ्यासाठी एक कापड विणलं होतं, मधाच्या रंगाचं, काठाला बारीक दात. चोळी शिवायची तर कात्री लागली असती, म्हणून ते तसंच घडीत राहिलं. दरवर्षी मी ते उन्हात घालायची, हात फिरवायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची. चोरून काही करणं मला जमत नाही, तेव्हा ते कापड मी यांच्यासमोरच बाहेर काढलं आणि कशासाठी तेही सांगितलं.

यांनी कापडाच्या काठावरून बोट फिरवलं. "थे तुह्यं हाय," म्हणाले. "तुले जे कराचं थे कर. मले नोको दाखवू." आणि चपला घालून वैनगंगेच्या घाटावर निघून गेले.

अर्ध्या कापडाची पिशवी झाली, अर्धं उरलं. नळी कापडावर ठेवून मंजुषानं पहिला घाव घातला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कोशात एक सुबक, गोल, चण्याएवढं भोक होतं. इतकी वर्षं ज्याला भ्यायलो ते एवढंसं आहे, हे बघून मला हसूच आलं. तेव्हा हसायला नको होतं.

करुणा मॅडम दिवाळीच्या आधी एकदा पवनीला आल्या. पिशवी त्यांना आवडली. उलटीसुलटी करून पाहिली, पितळेच्या टोप्यांवरून अंगठा फिरवला. "दिसायला सुरेख आहे," त्या म्हणाल्या, "पण बाई पिशवीत काय घालेल याचा नेम नसतो. वजन घालून बघू या का?"

आमच्याकडे वजन म्हणजे तांदूळ. मी पायलीभर तांदूळ पिशवीत ओतले आणि मागाच्या खोलीच्या दारातल्या खुंटीला ती टांगली. आत हे विणत होते, पाठ आमच्याकडे. आम्ही चहा घेत बसलो. मॅडम मंजुषाला माहेरचं विचारत होत्या आणि ती बोडीतल्या मासोळ्यांची नावं सांगत होती, तेवढ्यात कापड फाटल्याचा आवाज आला.

तो आवाज आमच्या घरात कोणी कधी ऐकला नव्हता. पिशवी एका बंदावर लोंबकळत होती, तांदूळ जमिनीवर पसरले होते आणि काही मागाच्या खड्ड्यापर्यंत गेले होते. मागाचा खटका थांबला.

मॅडमनी सुटलेला बंद बघितला. "रिबिट पक्कं आहे, कापडच सुटलं," त्या म्हणाल्या. "मी दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली की पुन्हा येईन. तोवर जमलं तर बघू. नाही जमलं तर राहू दे, मनाला लावून घेऊ नका." बाई चांगली आहे, पण तिच्या चांगुलपणानं तेव्हा काही बरं वाटलं नाही.

त्या गेल्यावर हे बाहेर आले. मला वाटलं आता बोलतील, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ते खाली वाकले, तांदळात पडलेला बंद उचलला. त्याच्या टोकाशी खिळा आणि टोपी एकमेकांना घट्ट धरून होती आणि त्यांच्या मध्ये माझ्या कापडाचा एक तुकडा, भोवती सुटलेले धागे. ते रिबिट त्यांनी बंदासकट सदऱ्याच्या खिशात टाकलं. "अंकुशले भेटून येतो," एवढं म्हणून गेले.

मंजुषा तांदूळ गोळा करत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यात पडत होतं. मला ते बघवेना, म्हणून मी तिच्यावरच खेकसले, "तांदूळ नोको भिजवू, किडे लागतीन!"

"मामाजीचंच खरं होतं, आई," ती म्हणाली.

माझी जीभ कधी कधी मलाच आवडत नाही. मी खाली बसले आणि तिच्याबरोबर तांदूळ वेचू लागले.

दुसऱ्या दिवशी ती आसगावला गेली. "बाबाकडे जाऊन येते," म्हणाली. संध्याकाळी आली नाही. फोन लागेना. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बेबीबाईला वास लागायला वेळ लागत नाही. "काय वं कुसुम, सून माहेरी गेली म्हनते?"

"हाव. तुह्यी नाई गेली अजून?" मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. मग आत जाऊन बघितलं तर उरलेलं कापड पेटीवर नव्हतं आणि हत्यारांचा डबाही जागेवर नव्हता. चार दिवसांसाठी माहेरी जाणारी बाई दांडी आणि हातोडी कशाला नेईल? मी यांना न सांगताच आसगावची बस धरली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिकून वाकलं होतं, कुठे कुठे कापणी लागली होती. बसमध्ये मी तिला काय काय बोलायचं त्याची उजळणी करत होते. आधी रागवायचं, मग समजवायचं, आणि त्यानंही नाही झालं तर हात जोडायचे, असं ठरवलं. सासूनं सुनेला हात जोडायचे हे मला पटत नव्हतं, पण माग गेला तर गेला, पोर जायला नको, असं आता वाटू लागलं होतं.

बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, झाडाखाली तुलारामजी जाळं दुरुस्त करत होते. त्यांच्या शेजारी मंजुषा, मांडीवर माझा कोसा. मी लांबूनच सुरुवात केली, "काय वं, सासू जित्ती हाय का मेली, एवढं तरी पाहाचं होतं!"

"आई! तुमी काहून आल्या?" ती धडपडून उठली. "मी उद्या येतच होती. फोन बोडीत पडला. बाबा म्हनते, आता मासोळ्याच उचलतीन."

माझी अख्खी उजळणी वाया गेली. मी पारीवर बसले. तुलारामजींनी पाणी दिलं, आणि मग मंजुषानं मला जे दाखवलं त्यासाठी ती दोन दिवस तिथे बसली होती.

जाळ्याच्या कडेला जाड दोरी असते. एका दोरीतून दुसरी ओवायची असली की तुलारामजी दोरी कापत नाहीत. बांबूची एक टोकदार काडी असते, तिला ते टोच्या म्हणतात. ती दोरीच्या पिळात हळूहळू फिरवत घुसवायची. पीळ बाजूला सरकतो, वाट होते. त्या वाटेतून दुसरी दोरी ओवायची आणि टोच्या काढून घ्यायचा, की पीळ परत येऊन तिला आवळतो.

"दोरीले जागा मांगाची," तुलारामजी म्हणाले, "कापाची नाई. मांगतली तं देते थे."

"लहानपनापासून हेच करून राहिली मी," मंजुषा म्हणाली. "अन् डब्यात नळी दिसली म्हनून कोशाले कापाले निंगाली! मामाजी धागा तोडू नोको म्हनून राहिले होते, आई. मले वाटे, थे रिबिटच नोको म्हनून राहिले."

बाबांचा टोच्या खरबरीत होता, कोशाचे धागे त्याला अडकून ओढले जात होते. म्हणून दोघा बापलेकींनी नवा केला, काचेच्या तुकड्यानं तासला, तेल पाजलं, पुन्हा तासला. तिनं तो माझ्या गालावरून फिरवून दाखवला. लोण्यासारखा गुळगुळीत होता. मी म्हटलं, चला आता घरी. निघताना तुलारामजींनी माझ्या हातात मासोळीची थैली दिली. "इहीनबाई, इहीबुवाले सांगजा, भोकातून निसटली नाई थेच धाडली."

घराच्या वळणावरच मला लाकूड कापल्याचा आवाज आला. अंगणात अंकुश सुतार बसला होता, मांडीवर लाकूड, हातात करवत, भोवती भुसा. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"अंकुश! मागाले हात लावला तं पाहा! दिवाळी व्हाचीच हाय अजून!"

"काकू, मी तं..."

"काकू-बिकू नोको! ऊठ पयले!" हात हलवताना मासोळीची थैली त्याच्या भुशात पडली. तो बिचारा उठून भिंतीला टेकला.

हे बाहेर आले. "कुसुम, आयकून तं घेशीन. थो माग उकलाले नाई आला. धोटा करून राहिला माह्यासाठी."

अंकुशनं घाबरत घाबरत हात पुढे केला. त्याच्या तळहातावर धोटा होता, पण केवढा? माझ्या करंगळीएवढा. एवढ्याशा धोट्यानं काय विणायचं ते मला कळेना आणि विचारायची लाज वाटली, म्हणून मी मासोळ्या झटकू लागले.

हे मंजुषाकडे वळले. खिशातून ते रिबिट काढलं. कितीदा हाताळलं असेल कोण जाणे, पितळ चकचकीत झालं होतं. "इकडं ये, पोरी," म्हणाले. लग्न झाल्यापासून तिला पोरी म्हणण्याची ही पहिली वेळ.

"रिबिट तुह्यं पक्कं होतं. पाहा, टोपी हलत नाई अजून. पन ज्या धाग्यांनी त्याले धराचं, थेच तू कापून टाकले. मंग थे बिचारं कोनाले धरन?"

"हाव, मामाजी," ती म्हणाली. "म्हनून हे आनलं." आणि तिनं टोच्या त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो फिरवून पाहिला, टोकावर अंगठा टेकवला. कोशाचं उरलेलं कापड खिडकीसमोर नेलं आणि दोन्ही हातांनी ताणून धरलं. "लाव," म्हणाले.

मंजुषानं टोच्या फिरवत फिरवत आत घातला. धागे दोन्हीकडे सरकले आणि मध्ये वाट झाली. हे चष्मा कापडाला टेकेपर्यंत वाकले. अंकुशही भिंत सोडून पुढे आला होता.

"नाई तुटला," हे म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "एकबी नाई तुटला."

चामड्याच्या बंदाला तिनं नळीनंच भोक पाडलं. चामडं विणलेलं नसतं, त्याला चालतं. मग खिळा चामड्यातून वर, तिथून कोशातल्या वाटेतून, आतल्या बाजूनं चामड्याचा एक छोटा तुकडा, त्यावर टोपी. वाटीत डोकं ठेवलं, दांडी उभी धरली. कापड यांच्याच हातात होतं. हातोडी उचलताना ती थबकली आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. तिनं घाव घातला, तो सरळ बसला.

पिशवी शिवून झाल्यावर मी पायलीभर तांदूळ ओतले आणि त्याच खुंटीला टांगली. चहा केला, तो कोणी प्यायलं नाही. मासोळी केली, ती मात्र सगळ्यांनी खाल्ली, अंकुशनंही. संध्याकाळ झाली, पिशवी होती तिथे होती. सकाळी उठून पाहिलं, तशीच होती. मी रागानं आणखी पायलीभर तांदूळ ओतले. खुंटी करकरली, पिशवी नाही.

करुणा मॅडम मंडईनंतर येतील. तेव्हा काय म्हणतील ते म्हणतील, पण त्यांच्यासाठी आता मी आणखी तांदूळ काढून ठेवले आहेत.

शेवटची म्हटलेली साडी लक्ष्मीपूजनाच्या आधी मागावरून उतरली. कात्री कपाळाला लावून झाली. माग रिकामा राहिला आणि दोन दिवस घर मुकं होतं. मी काही विचारलं नाही, माझ्या मानानं ही मोठीच गोष्ट. मग पाडव्याला सकाळी हे उठले, आंघोळ केली आणि मधाच्या रंगाचा नवा ताणा चढवायला बसले. त्यात काही दिवस गेले.

काल मी कढईत भाजी परतत होते, मंजुषा चामड्याचे बंद कापत होती, आणि आत खटका सुरू झाला. मी झारा तसाच धरून ऐकत राहिले. काही वेळ तो चांगला चालला आणि एकदम थांबला. धागा तुटला असेल, की मन बदललं असेल? मी दाराशी गेले.

हे मागावर वाकून बसले होते. विणलेलं कापड पंजाएवढं झालं होतं. त्यांच्या हातात अंकुशनं केलेला तो करंगळीएवढा धोटा होता, त्यात दुहेरी कोसा भरलेला. साडीच्या काठाला जे करवतीचे दात घालायचे, तेच दात ते आता कापडाच्या मध्ये, छोट्या चौकोनात घालणार होते. तेवढ्याच जागी धागे दुप्पट, एकमेकांत अडकवलेले, म्हणजे टोच्या घातल्यावर सरकतील पण एकटे पडणार नाहीत. त्या खिशातल्या रिबिटाकडे बघत इतके दिवस त्यांनी हे ठरवलं होतं. फक्त चौकोन नेमका कुठे घालायचा, ते त्यांना माहीत नव्हतं.

"सूनबाई!" त्यांनी हाक मारली. "भोक कुठं पायजे?"

मंजुषाच्या हातातली कात्री खाली पडली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासऱ्यांच्या वेळेपासून या घरात तो शब्द कोणी उघडपणे उच्चारला नव्हता, आणि आता त्यांच्याच मुलानं तो मागावर बसून, मोठ्यानं, बाजारात भाव विचारावा तसा विचारला होता. घराला काही झालं नाही. माझ्या डोळ्यांना तेवढं पाणी आलं, ते मी भाजीच्या वाफेवर ढकललं.

मंजुषा आत गेली, मागाच्या कडेला बसली आणि ताण्यावर हलकेच बोट ठेवलं. "इथं, मामाजी. अन् एक तिकडं."

"एवढ्या कडेले नोको," ते म्हणाले. "दोन बोटं आत घे. मंग धरन बरोबर."

"दोन नोको, एकच घ्या," ती म्हणाली.

त्यावरून त्यांची थोडी वादावादी झाली. मग माग सुरू झाला, आणि तोवर माझी भाजी करपली होती.